वाचकांचे प्रश्न : एका सिलिंडरला हवा किती लागते?

ज्वलनाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र परीक्षेतल्या गणिताचे आहे आणि शेवटचे एका घरातल्या न्हाणीघराचे आहे. परंतु चारही उत्तरे एकाच हिशेबातून निघतात, म्हणून ती दिलेल्या क्रमानेच वाचावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी अकरावीत विज्ञान शाखेत शिकते. ‘४४ ग्रॅम प्रोपेन २७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि १ वातावरण दाबाला हवेत पूर्णपणे जाळण्यासाठी किती लिटर हवा लागेल?’ या गणिताचे माझे उत्तर ११२ लिटर आले. पुस्तकात ५८६ लिटर दिले आहे. माझे समीकरण संतुलित आहे, हे मी दोनदा तपासले. मग चूक कोठे झाली? शिवाय एक मोल वायूचे आकारमान एका पुस्तकात २२.४ लिटर आणि दुसऱ्यात २२.७ लिटर दिले आहे. यांतले खरे कोणते?

उत्तर : तुमचे समीकरण बरोबर आहे. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे तीन आणि हायड्रोजनचे आठ अणू असतात. तीन कार्बन अणूंसाठी ऑक्सिजनचे तीन रेणू आणि आठ हायड्रोजन अणूंसाठी दोन रेणू, असे ऑक्सिजनचे एकूण पाच रेणू खर्च होतात आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे तीन व पाण्याचे चार रेणू तयार होतात. ४४ ग्रॅम प्रोपेन म्हणजे एक मोल (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या; तेवढ्या रेणूंचे ग्रॅममधले वजन रेणुवस्तुमानाच्या आकड्याएवढे असते), म्हणून ऑक्सिजन पाच मोल लागतो. येथपर्यंतचे तुमचे काम अचूक आहे. त्यापुढच्या दोन पायऱ्या मात्र निसटल्या आहेत.

त्यांतली लहान पायरी तापमानाची आहे. २२.४ लिटर हा आकडा ० अंश सेल्सिअसचा आहे. तापमान वाढले की वायू पसरतो, आणि तो केल्विनमधील तापमानाच्या प्रमाणात पसरतो. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, म्हणून २२.४ ला ३०० ने गुणून २७३ ने भागले की एक मोल वायूचे आकारमान २४.६ लिटर येते. पाच मोल ऑक्सिजन त्यामुळे ११२ नव्हे, तर १२३ लिटर होतो.

मोठी पायरी प्रश्नातल्या एकाच शब्दात आहे. प्रश्न ऑक्सिजन किती लागेल असे विचारत नाही, हवा किती लागेल असे विचारतो. शंभर लिटर कोरड्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ लिटर असतो. उरलेला भाग बहुतांशी नायट्रोजन असून त्यात थोडासा अरगॉन असतो. १२३ लिटर ऑक्सिजन मिळवायचा तर १२३ ला ०.२१ ने भागून येणारी ५८६ लिटर हवा आणावी लागते. वर्गात अनेक वर्षे हे गणित शिकवताना माझ्या असे लक्षात आले आहे, की हुशार विद्यार्थीही समीकरण संतुलित झाले म्हणजे काम संपले, असे मानतात. कागदावरच्या समीकरणात नायट्रोजन नसतो, पण ज्योतीत तो असतोच, आणि ऑक्सिजनच्या जवळपास चौपट असतो. तो जळत नसला तरी ज्योतीची बरीच उष्णता स्वतः तापण्यात घेतो. प्रोपेनची ज्योत शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे २,८०० अंशांपर्यंत जाते आणि हवेत २,००० अंशांच्या आसपासच थांबते, याचे मुख्य कारण हेच आहे.

आता २२.४ आणि २२.७ यांविषयी. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र ते वेगवेगळ्या दाबांचे आहेत. पूर्वी प्रमाण दाब म्हणून १ वातावरण घेत असत आणि त्या दाबाला ० अंशावर एक मोल वायू २२.४ लिटर भरतो. १९८२ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने प्रमाण दाब १ बार ठरवला. हा दाब किंचित कमी असल्यामुळे वायू किंचित अधिक, म्हणजे २२.७ लिटर भरतो. परीक्षेत प्रश्नात दिलेला दाब पाहावा आणि त्याला जुळणारा आकडा घ्यावा. तापमान आणि दाब दोन्ही दिलेले असतील, तर पाठ केलेला आकडा बाजूला ठेवून आदर्श वायूच्या समीकरणाने आकारमान काढणेच चांगले. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ०.८६ पट असतो. तेथे २७ अंशांना याच ४४ ग्रॅम प्रोपेनला ५८६ ऐवजी सुमारे ६८० लिटर हवा लागेल. हवेचे वजन तेवढेच राहील, लिटर मात्र वाढतील.

एक सोपी वाटही सांगतो. गे-ल्युसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवून दिले, की वायूंची रासायनिक अभिक्रिया होते तेव्हा त्यांची आकारमाने लहान पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. त्याचे कारण अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडले, ते असे की समान तापमानाला आणि समान दाबाला सर्व वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. त्यामुळे इंधन आणि हवा दोन्ही वायुरूप असतील आणि एकाच तापमानाला व दाबाला मोजली असतील, तर मोलच्या आकारमानाची गरजच पडत नाही. एक लिटर प्रोपेनला पाच लिटर ऑक्सिजन, म्हणजे २३.८ लिटर हवा; एक लिटर ब्युटेनला साडेसहा लिटर ऑक्सिजन, म्हणजे ३१ लिटर हवा. ज्वलनानंतरच्या वायूचे आकारमान विचारले असेल, तर पाणी वाफेच्या रूपात मोजायचे की द्रवरूपात, हे आधी ठरवावे. एक लिटर प्रोपेन जळून उरलेला वायू त्याच तापमानाला व दाबाला मोजला, तर वाफेसह तो २५.८ लिटर भरेल, आणि वाफेचे पाणी झाले असेल तर २१.८ लिटरच भरेल. या चार लिटरांचा घोळ पुढच्या पत्रातही दिसेल.

प्रश्न : गॅस पेटवून गार पाण्याचे पातेले ठेवले, की थोड्याच वेळात त्याच्या तळाला बाहेरून पाण्याचे थेंब दिसतात आणि कधीकधी ते बर्नरवर पडतात. पातेले गळत नाही. सिलिंडरमध्ये गॅसबरोबर पाणी भरले जाते, अशी आमच्या इमारतीत चर्चा आहे. त्यात काही तथ्य आहे का?

उत्तर : ते पाणी सिलिंडरमधून आलेले नाही, ते ज्योतीत तयार झालेले आहे. वरच्या उत्तरात पाण्याचे जे चार रेणू आले, तेच तुम्हाला पातेल्याच्या तळाशी दिसत आहेत.

किती पाणी तयार होते, ते पूर्ण सिलिंडरवरच काढून पाहू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून तो सगळा ब्युटेन आहे, असे धरू. ब्युटेनचे रेणुवस्तुमान ५८ असल्यामुळे हे सुमारे २४५ मोल होतात. प्रत्येक मोलला साडेसहा मोल ऑक्सिजन लागतो आणि त्यातून चार मोल कार्बन डायऑक्साइड व पाच मोल पाणी तयार होते. किलोमध्ये मांडले तर १४.२ किलो ब्युटेन जवळपास ५१ किलो ऑक्सिजन घेतो आणि ४३ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी देतो. जमा आणि खर्च दोन्ही बाजूंना ६५ किलो येतात, म्हणजे हिशेब जुळला. एक सिलिंडर संपेपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात बावीस लिटर पाणी वाफ होऊन मिसळलेले असते. सगळा वायू प्रोपेन धरला तरी पाणी २३ किलो आणि कार्बन डायऑक्साइड साडेबेचाळीस किलो येतो. वजनाने मोजताना मिश्रणाच्या प्रमाणाने फारसा फरक पडत नाही, म्हणून येथे ब्युटेन धरून चालणे सयुक्तिक आहे.

जेमतेम पुरेशा हवेत ब्युटेन जळला, तर ज्योतीतून निघणाऱ्या वायूत सुमारे १५ टक्के वाफ असते. एवढी वाफ असलेला वायू ५४ अंशांहून गार असलेल्या पृष्ठभागाला लागला, की दव पडते तसे त्यावर पाणी धरते. प्रत्यक्षात ज्योतीभोवतीची जादा हवा त्यात मिसळते, म्हणून ही मर्यादा आणखी थोडी खाली येते. पातेल्यातले पाणी तापले, की तळ या मर्यादेच्या वर जातो आणि थेंब आपोआप नाहीसे होतात. याची खात्री घरीच करता येईल. त्याच पातेल्यात उकळते पाणी भरून ते शेगडीवर ठेवा; तळ कोरडाच राहील. पाणी सिलिंडरमधून येत असते, तर ते थेंब गार पातेल्याची वाट पाहत थांबले नसते. हे थेंब म्हणजे गॅस नीट जळत असल्याचेच चिन्ह आहे, हे आपण इमारतीतल्या मंडळींना अवश्य सांगावे.

याच हिशेबातला तिसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या सिलिंडरला लागणारी हवा २७ अंशांना सुमारे १८७ घनमीटर होते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकघरात पावणेतेवीस घनमीटरांपेक्षा थोडी कमी हवा मावते. म्हणजे अशा आठ खोल्यांतल्या हवेतला सगळा ऑक्सिजन एका सिलिंडरला लागतो. आपण १४.२ किलोचे पैसे मोजतो, म्हणून तेवढेच आपल्या लक्षात राहते. त्याच्या पंधरा पटींहून अधिक वजनाची हवा आपल्याच खोलीतून जाते, तिची नोंद कोणीच ठेवत नाही. मोठा बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस जाळतो. दारे-खिडक्या पूर्ण बंद असलेल्या वरच्या मापाच्या खोलीत तो तासभर चालला, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास येईल आणि कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या वर जाईल. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. खोली इतकी घट्ट बंद सहसा नसते, हे खरे. तरी फोडणीचा वास बाहेर जाऊ नये किंवा ज्योत हलू नये म्हणून खिडकी लावून घेणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

प्रश्न : आमच्याकडे पाइपचा गॅस आला. शेगडी तीच ठेवली, पण आलेल्या तंत्रज्ञाने बर्नरच्या नॉझल बदलल्या. जुन्या नॉझल चालल्या नसत्या का? आणि या गॅसला हवा कमी लागते, असे तो म्हणाला, ते खरे आहे का?

उत्तर : जुन्या नॉझल चालल्या नसत्या. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन असतो. एक लिटर मिथेनला दोन लिटर ऑक्सिजन, म्हणजे साडेनऊ लिटर हवा लागते. सिलिंडरच्या गॅसला मिश्रणानुसार २४ ते ३१ लिटर लागते. लिटरमागे मिळणारी उष्णताही त्याच प्रमाणात कमी असते. तेवढीच आच हवी असेल तर मिथेन अधिक आकारमानाने सोडावा लागतो, म्हणून नॉझलचे छिद्र मोठे करतात. याच कारणाने पाइपच्या गॅससाठी बदललेली शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडणे धोक्याचे आहे. मोठ्या छिद्रातून सिलिंडरचा गॅस गरजेपेक्षा पुष्कळ जास्त येतो, त्याच्याबरोबर ओढली जाणारी हवा अपुरी पडते, ज्योत पिवळी होते आणि भांड्यांवर काजळी धरते.

तंत्रज्ञाचे म्हणणे लिटरमागे खरे आहे, पण स्वयंपाकामागे खरे नाही. एक मोल मिथेन जळताना ८९० किलोज्यूल उष्णता मिळते, प्रोपेनपासून २,२२० आणि ब्युटेनपासून २,८७८. तयार होणारे पाणी द्रवरूपात येते, असे धरून हे आकडे दिले आहेत. त्यांना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मोलांनी, म्हणजे अनुक्रमे दोन, पाच आणि साडेसहा यांनी भागून पाहा. उत्तरे ४४५, ४४४ आणि ४४३ येतात. इंधन कोणतेही असो, ऑक्सिजनच्या मोलमागे मिळणारी उष्णता जवळपास सारखीच राहते. थॉर्नटन यांनी ही नियमितता १९१७ मध्ये अनेक सेंद्रिय संयुगांसाठी दाखवली आणि आग किती उष्णता बाहेर टाकते हे मोजण्यासाठी अग्निसुरक्षेच्या प्रयोगशाळांत तिचा आजही उपयोग होतो. मला स्वतःला हा रसायनशास्त्रातला फार देखणा निष्कर्ष वाटतो. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा, की तेवढीच भाकरी भाजायला आणि तेवढीच डाळ शिजवायला खोलीतली हवा तेवढीच खर्च होते. पाइपचा गॅस आला म्हणून खिडकी बंद ठेवण्याची सवलत मिळत नाही.

प्रश्न : आमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आतच बसवला आहे. खोली पाच फूट बाय सात फूट, उंची आठ फूट आहे. दाराखाली बोटभर फट आहे. वरची झडपेची खिडकी थंडीत आम्ही बंद ठेवतो. गेल्या आठवड्यात मुलाला आंघोळीनंतर चक्कर आली. गॅसचा वास मुळीच येत नव्हता. याचा गीझरशी संबंध असू शकेल का?

उत्तर : असू शकतो, आणि हे वाचताच तो गीझर वापरणे थांबवावे. मुलाला डॉक्टरांना दाखवावे आणि गॅसचा गीझर असलेल्या बंद खोलीत तो होता, हे त्यांना स्पष्ट सांगावे. कारण आता आकड्यांत मांडतो.

मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस जाळतो. शेगडीचा मोठा बर्नर मिनिटाला अडीच ग्रॅम जाळतो, म्हणजे गीझर अशा सहा बर्नरांएवढा आहे, आणि तो घरातल्या सर्वांत लहान खोलीत बसवलेला आहे. १६ ग्रॅम गॅसला मिनिटाला सुमारे ४४ लिटर ऑक्सिजन, म्हणजे २१० लिटर हवा लागते. तुमच्या न्हाणीघराचे आकारमान २८० घनफूट, म्हणजे ७,९०० लिटर आहे. एकामागून एक दोघांच्या आंघोळी होऊन गीझर दहा मिनिटे चालला आणि हवा बदलली नाही, तर ४४० लिटर ऑक्सिजन खर्च होतो. हे खोलीच्या साडेपाच टक्क्यांहून जास्त भरते. २१ टक्क्यांचा ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या जवळ येतो. कामाच्या ठिकाणी साडेएकोणीस टक्क्यांखालची हवासुद्धा असुरक्षित मानली जाते.

तथापि, खरा धोका याहून वेगळा आहे. वरच्या तिन्ही उत्तरांत मी ‘पूर्ण ज्वलन’ धरून चाललो होतो. ऑक्सिजन कमी पडू लागला, की हे गृहीतक मोडते. ब्युटेनच्या रेणूला साडेसहाऐवजी साडेचारच ऑक्सिजन रेणू मिळाले, तर पाणी पूर्वीइतकेच तयार होते, पण चारही कार्बन अणू कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतात. सगळ्या कार्बनचे असे होण्याची गरज नाही. दहा मिनिटांत जळलेल्या १६० ग्रॅम गॅसमधील कार्बन ११ मोल असतो. त्यातला फक्त २ टक्के कार्बन असा अर्धवट जळला, तरी सुमारे साडेपाच लिटर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे तुमच्या न्हाणीघरातल्या हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे ७०० भाग. दशलक्षात ८०० भाग असलेल्या हवेत निरोगी प्रौढ माणसाला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि दोन तासांत तो बेशुद्ध होतो. येथे त्याच वेळी ऑक्सिजनही घटलेला असतो, आणि तो जसजसा घटतो तसतशी ज्योत अधिकच अर्धवट जळते, त्यामुळे २ टक्क्यांवर गोष्ट थांबेलच, असे नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून थोडाही पुरेसा होतो.

वास येत नव्हता, यात नवल नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, आणि मरकॅप्टन ज्योतीत गॅसबरोबर जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास, रंग वा चव नाही. गळती कळावी म्हणून केलेली ही सोय या धोक्यात काहीच उपयोगी पडत नाही, आणि माझ्या मते लोकांना सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे.

दाराखालच्या फटीविषयी सांगायचे तर, वरून गरम वायू बाहेर पडेल तेव्हाच खालून गार हवा आत येईल. वरची खिडकी बंद असेल तर खालची फट जवळपास निरुपयोगी होते. बाहेर हवा टाकणारा पंखा बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. परंतु गीझरला धुराचा नळ असेल आणि दार बंद असेल, तर तोच पंखा नळातून बाहेर जाणारा वायू उलट खोलीत ओढू शकतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, सज्जात किंवा उघड्या बोळात बसवून गरम पाणी नळाने आत आणावे, हाच माझा सल्ला आहे, आणि खर्चाकडे पाहून त्यात तडजोड करू नये. तो हलवून होईपर्यंत पाणी शेगडीवर तापवून बादलीने न्यावे. तेव्हा मात्र स्वयंपाकघराची खिडकी उघडी असू द्यावी. आंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; त्याला उठवत बसण्यासाठी स्वतः त्या खोलीत थांबू नये.